कोर्ट उठेपर्यंत

आमच्या वन्सं दुसऱ्या कोणाच्याही कागदावर सही करत नसत. वन्सं म्हणजे तुमच्या आजोबांची थोरली बहीण, तुमची आत्याआजी. तुम्ही त्यांना फक्त फोटोत पाहिलं आहे. स्वतःच्या बँकेसाठी, गॅससाठी त्या सही करत, पण साक्षीदार म्हणून, कोणाची ओळख पटवणारी म्हणून, सोसायटीच्या अर्जावर चारचौघांतली एक म्हणून कधीही नाही. पेन पुढे आलं की त्यांचे हात पदराखाली जात. कसबा पेठेत त्यांच्या इमारतीतल्या एका गृहस्थांनी एकदा फार आग्रह धरला. "वृंदाताई, तुमच्यासारख्या सरळ बाईची सही नको, तर मग कोणाची घ्यायची?" वन्सं म्हणाल्या, "वाकड्या माणसाची घ्या. वळणदार येते." ते गृहस्थ पुन्हा आले नाहीत.

आम्ही सगळे याला विक्षिप्तपणा समजत होतो. पुण्यात घरटी एक तरी असा नमुना असतो, आणि तो आपल्या घरात असल्याचा थोडा अभिमानही असतो.

वन्सं चांगल्या मार्कांनी बी.ए. झालेल्या होत्या आणि जन्मभर घरी मुलींच्या शिकवण्या घेत होत्या. इंग्रजी आणि गणित. मी मिशनच्या शाळेत शिकले, तरी व्याकरणाची शंका आली की मी त्यांनाच विचारत असे. शिकवताना त्यांचा एक नियम होता. मुलीचं उत्तर चुकलं तर खोडायचं नाही, रबर तर घरात आणायचंच नाही. "बाजूला बरोबर लिही. चूक केलीस ना? मग ती दिसू दे," असं त्या म्हणत. मुली घाबरायच्या, पण शिकायच्या. जवळच्या शाळेच्या बाई दोनदा घरी येऊन गेल्या, आमच्याकडे शिकवायला या म्हणून. दोन्ही वेळा वन्संनी त्यांना चहा दिला आणि नकार दिला. मी कारण विचारलं तर म्हणाल्या, "शाळेत चौकशा फार असतात, सुधा. मी घरीच बरी." मला वाटलं, पगार किती, मुलं किती, सासूशी पटतं का, असल्या चौकशांबद्दल म्हणत असतील.

मग ती वर्षं आली, जेव्हा आमच्या ओळखीतल्या प्रत्येक घरातलं एकेक मूल कॉम्प्युटरच्या मागे परदेशी जाऊ लागलं. वन्संची एकुलती मुलगी शुभाही नवऱ्याबरोबर अमेरिकेला गेली. वन्संचे यजमान वारले होते, गुडघे तिसऱ्या मजल्याला नको म्हणत होते, आणि एका पावसाळ्यात त्या जिन्यात पडून तासभर तशाच बसून राहिल्या. शुभाने ठरवलं की आईला आता कायमचं तिकडे न्यायचं. कागद झाले, नंबर लागला. ठरलेल्या मुदतीत उरलेले कागद गेले नाहीत तर पुन्हा रांगेच्या शेवटी उभं राहायचं होतं, आणि ती रांग काही वर्षांची होती.

व्यवस्थित राहायची सवय मला आहे, म्हणून अर्ज भरायचं काम माझ्याकडे आलं. मी फाइल केली, रंगीत चिठ्ठ्या लावल्या, आणि एका दुपारी वन्संच्या स्वयंपाकघरात बसून एकेक प्रश्न वाचून दाखवू लागले. क्षयरोग होता का? नाही. कोणत्या पक्षाच्या सभासद होता का? नाही. कधी गुन्ह्यासाठी शिक्षा झाली आहे का? मी "नाही" लिहूनसुद्धा टाकलं होतं.

"थांब," वन्संनी मला अडवलं. "झाली आहे."

मी हसले. त्या हसल्या नाहीत. त्यांनी गॅस बंद केला, पाटावर बसल्या आणि सांगितलं.

कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असताना त्या एका संध्याकाळी धाकट्या भावाला, बाळूला, म्हणजे तुमच्या आजोबांना, सायकलवर मागे बसवून घरी येत होत्या. डबलसीट, आणि दिवा नाही. त्या काळी पुण्यात हा गुन्हा रोज शेकडो लोक करत आणि त्यातले थोडे पकडले जात. स्वारगेटच्या अलीकडे कालव्याच्या पुलावर पोलिसाने त्यांना थांबवलं आणि चाकातली हवा सोडली. वन्संना राग आला. त्यांनी पोलिसाची टोपी काढली आणि कालव्यात टाकली.

"तुम्ही?" मी विचारलं.

"मग कोण, बाळू? तो रडत होता."

तिथून चौकी. तिथे वडील आले. आणि दुसऱ्या दिवशी कोर्ट. "कोर्ट उठेपर्यंत बसण्याची शिक्षा झाली मला," वन्सं म्हणाल्या. "सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसले होते. मी शिक्षा झालेली बाई आहे, सुधा. आता ते 'नाही' खोडू नकोस, बाजूला 'हो' लिही."

एवढ्या वर्षांत आमच्या घरात याचा उल्लेख कधी आला नव्हता. त्यांच्या सासरीही नाही. लग्नात कमलची वृंदा झाली आणि कमलच्या गोष्टी कमलबरोबर माहेरी राहिल्या. मला सगळ्यात जास्त गोंधळात टाकलं ते याने की त्यांना त्याची लाज वाटत होती की नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावरून ओळखता येत नव्हतं.

फोनवर शुभा म्हणाली, "आई, अगं 'नाही' लिहून टाक ना! कोण बघतंय?"

"मी बघतेय," वन्सं म्हणाल्या, आणि फोन माझ्या हातात दिला.

शुभाने तिकडच्या वकिलाला विचारलं. तो म्हणाला, हरकत नाही, क्षुल्लक गोष्ट आहे, पण 'हो' लिहिलं तर कोर्टाच्या निकालाची नक्कल जोडा आणि स्थानिक पोलिसांचा दाखलाही जोडा. मला हे अगदी सोपं वाटलं. गुन्हा झाला, शिक्षा झाली, म्हणजे नोंद असणार. ती शोधायची आणि मागायची.

घरी येऊन तुमच्या आजोबांना सांगितलं, तेव्हा पहिला धक्का बसला. ते म्हणाले, "कोर्ट? कसलं कोर्ट? मी तिथे होतो. चौकीवरच्या जमादाराचा मुलगा बाबांच्या वर्गात होता. 'घेऊन जा मास्तर,' जमादार म्हणाला. बाबांनी टोपीचे पैसे दिले आणि आम्ही घरी आलो. ताईने कोर्ट नंतर जोडलंय."

"अहो, वन्सं अशा जोडणाऱ्या आहेत का?"

"नाहीत," ते म्हणाले. "पण कोर्टही नव्हतं."

दोघंही खोटं बोलणारी नव्हती. दोघंही एकमेकांवर रुसून बसली. आता नोंद मिळाल्याशिवाय घरात शांतता नाही, हे माझ्या लक्षात आलं.

वन्संना घेऊन मी त्यांच्या हद्दीतल्या पोलीस ठाण्यात गेले. तिथे नुकताच कॉम्प्युटर आला होता आणि एक तरुण पोलीस त्याच्यासमोर जरा जपूनच बसला होता.

"बोला आजी. चारित्र्य पडताळणी?"

"माझ्यावर गुन्हा आहे. त्याची नक्कल हवी."

"तक्रार द्यायचीय का? कोणी केला गुन्हा?"

"मी."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्याने दोन बोटांनी नाव टाइप केलं, वाट पाहिली आणि आनंदाने म्हणाला, "काही नाही आजी. तुमचं एकदम क्लिअर आहे."

"माहेरचं नाव घाला. कमल."

त्याने कमल घातलं. एक कमल निघाली, पण तिच्यावर हातभट्टीचा गुन्हा होता आणि वय वन्संच्या निम्मं. "ही नव्हे ना?" त्याने आदबीने विचारलं. मग आतून एक वयस्कर हवालदार आले. ते म्हणाले की या यंत्रात अलीकडचीच वर्षं आहेत. जुनं रजिस्टर बघावं लागेल. पण गुन्हा स्वारगेटकडचा असेल तर ते ठाणं वेगळं, आणि त्या काळात हद्दीही वेगळ्या होत्या, तेव्हा तिसरंच कुठलं ठाणं असू शकतं.

आम्ही दुसऱ्या ठाण्यात गेलो, मग तिसऱ्या. सगळे चांगलं बोलले. सगळ्यांना आम्ही कोणाच्या तरी विरुद्ध आलो आहोत असंच वाटायचं, आणि वन्सं स्वतःविरुद्ध आल्या आहेत हे कळलं की खुर्ची मिळायची, चहा मिळायचा. एक फौजदार वन्संना म्हणाला, "आजी, लोक इथे नाव काढा म्हणून येतात. तुम्ही घाला म्हणताय." वन्सं म्हणाल्या, "घाला नाही म्हणत. आहे ते दाखवा म्हणतेय."

शेवटी कोर्टाच्या रेकॉर्ड रूममध्ये गेलो. तिथले गृहस्थ खिडकीतूनच बोलले.

"किरकोळ फौजदारी? एवढी जुनी? ती कागदपत्रं नियमाप्रमाणे केव्हाच नष्ट झाली."

मी अर्जाबरोबरच्या सूचना वाचून तयार होते. "मग नष्ट झाली असं लिहून द्या. तेही चालतं."

"देतो की. केस नंबर?"

"तो त्या कागदपत्रांत असेल."

"ती नष्ट झाली ना, बाई."

"म्हणूनच तसं लिहून द्या."

"काय नष्ट झालं ते कळल्याशिवाय नष्ट झालं असं कसं लिहू?"

मी इंग्रजीत शिकले, तर्कशास्त्रही शिकले, पण त्या खिडकीसमोर मी फाइल मिटली. वन्संना मात्र ते पटलं. "बरोबर आहे त्यांचं," बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या. मला त्यांचाच राग आला.

त्याच आवारात एका वकीलबाईंचं टेबल होतं. वयाने लहान, खांद्यावर मोबाइल धरून बोलणाऱ्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि उपाय सांगितला. कमल आणि वृंदा एकच व्यक्ती आहे असं प्रतिज्ञापत्र करायचं, त्याला सख्ख्या भावाची साक्ष जोडायची, आणि अमुक सुमाराला अशी शिक्षा झाली होती, नोंद मिळत नाही, असं वन्संनी शपथेवर लिहून द्यायचं. मला हायसं वाटलं. वकीलबाई मजकूर तयार करायला एकेक विचारू लागल्या. मी बाजूच्या स्टुलावर बसून ऐकत होते, म्हणून मला ते शब्दाला शब्द आठवतं.

"मॅजिस्ट्रेटनी विचारलं का, गुन्हा कबूल आहे का म्हणून?"

"मला नाही काही विचारलं."

"पण नाव पुकारलं असेल."

"खूप नावं पुकारत होते. सायकलवालेच होते बरेच. कोणाला दंड, कोणाला कोर्ट उठेपर्यंत." वन्सं थांबल्या. "माझं नाव... बाबा पुढे गेले होते. तिथल्या कारकुनाशी बोलले. तो हसला. मग बाबा परत आले."

"तुम्ही पिंजऱ्यात उभ्या राहिलात?"

"नाही. मागच्या बाकावर बसले होते. बाबांच्या शेजारी."

"मग शिक्षा कोणी सांगितली तुम्हाला?"

"बाबांनी."

वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. "वडिलांनी?"

"हो. म्हणाले, कोर्ट उठेपर्यंत इथे बसायचं. हलायचं नाही."

वकीलबाई अगदी हळू म्हणाल्या, "आजी, शिक्षा मॅजिस्ट्रेट देतात. नाव घेऊन, समोर उभं करून देतात. वडील नाही देत. त्या दिवशी तुम्ही कोर्ट बघायला गेला होतात."

"कोर्ट बघायला," वन्सं म्हणाल्या.

"तिथे कोणालाही बसता येतं."

वन्संनी पाणी मागितलं. पाणी आलं, पण त्यांनी ते प्यायलं नाही, नुसता ग्लास धरून बसल्या. समोरून लोक फायली घेऊन जात होते, कोणी कोणाला हाका मारत होतं. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्या म्हणाल्या, "प्रतिज्ञापत्र राहू द्या. चल सुधा."

त्या सरळ आमच्या घरी आल्या. तुमच्या आजोबांनी ऐकलं आणि आधी हसू लागले. "म्हणजे बाबांनी! आणि मी बरोबर होतो!" मी डोळे वटारले, पण त्याआधीच त्यांना बहिणीचा चेहरा दिसला होता.

"बाळू, मला सरकारी शाळेत नोकरी लागली होती," वन्सं म्हणाल्या. "निवड झाल्याचा कागद आला होता, आठवतं? त्याच्याबरोबर एक अर्ज होता. शिक्षा झाली आहे का, असं त्यात विचारलं होतं. 'हो' लिहिलं असतं तर बाबांचं नाव सगळ्या शाळांत खराब झालं असतं. 'नाही' मला लिहिता आलं नाही. मी तो कागद पाकिटात परत घातला."

घरात सगळ्यांना वाटलं होतं की कमलला नोकरीचा कंटाळा आहे. त्याच वर्षी त्यांचं लग्न लावून दिलं होतं.

मुलांनो, मामंजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, मी चांगली ओळखत होते. त्यांनी कधी कोणावर आवाज चढवला नाही. मी सून म्हणून आले तेव्हा माझी इंग्रजी पुस्तकं ठेवायला त्यांनी स्वतःचं कपाट रिकामं करून दिलं. तो माणूस मुलीला खोट्या शिक्षेत कसा बसवेल? की ती त्यांच्या मते गंमत होती? की धडा? आणि पुढे कधी त्यांनी सांगितलं कसं नाही? मी त्यांच्यावर रागावायला बघत होते आणि मला ते जमत नव्हतं. वन्सं तर रागावल्याच नाहीत. एकदा एवढंच म्हणाल्या, "बाबांनी एक दिवस दिला होता. पुढचे मीच लावून घेतले." आणि एकदा, भाजी निवडताना मध्येच, "इतकी वर्षं जपून वागले गं. आता ते कशाच्या खात्यात टाकू?"

अर्जात त्या प्रश्नापुढे "नाही" राहिलं. पोलिसांचा दाखला आला, प्रतिकूल काही नाही असा. ठाण्यातला तो तरुण पोलीस मनापासून म्हणाला, "बघा आजी, मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं." वन्संनी त्याला नमस्कार केला. मुदतीच्या आत सगळे कागद गेले. त्या कसब्यातली जागा आवरू लागल्या, पण आनंदाने नाही. काही विचारलं की दोनदा विचारावं लागे.

निघायच्या दिवशी त्या आमच्याकडेच होत्या. मुंबईची टॅक्सी दुपारी यायची होती. चहा झाला, बॅगा दाराशी लावल्या, आणि तुमचे आजोबा एकाएकी म्हणाले, "ताई, एक सांगायचं राहिलंय."

"आत्ता?"

"हे एवढ्यात आठवलं. तू नोकरीला नाही म्हणालीस ना, तेव्हा मी तिथेच जेवायला बसलो होतो. बाबांनी विचारलं, का नाही म्हणतेस? तू म्हणालीस, 'तुम्हाला माहीत आहे,' आणि आत गेलीस."

"हो. असंच म्हणाले होते मी."

"बाबांचा घास हातातच राहिला. मग ते आईला म्हणाले, 'मला काय माहीत आहे गं? तुझ्याजवळ काही बोलली का?'"

वन्सं खुर्चीत पुढे सरकल्या. "पुन्हा सांग."

त्यांनी पुन्हा सांगितलं.

"तोंड कसं होतं त्यांचं?"

"गोंधळलेलं. काही कळत नसल्यासारखं. आई म्हणाली, 'नाही हो, माझ्याजवळ कुठे काय बोलते.' मग त्यांनी ताट बाजूला सारलं."

"विसरले होते," वन्सं म्हणाल्या.

"पार विसरले होते गं."

"आणि बाबांना काही माहीत नाही हे तुला कळत होतं, तर मला येऊन विचारलं का नाहीस?"

"मला वाटलं, लग्नाबिग्नाचं काही असेल. म्हटलं, तुमचं तुम्हाला माहीत."

वन्सं त्यांच्याकडे पाहत राहिल्या आणि मग त्या हसल्या. त्या कोर्टातल्या दिवसानंतर पहिल्यांदा. हसता हसता डोळे पुसले. "काय रे आपलं घर," त्या म्हणाल्या. "एकानं जरी एक प्रश्न जास्त विचारला असता!" खाली टॅक्सीने भोंगा वाजवला. त्या उठल्या, मामंजींच्या फोटोसमोर क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "जेवण नव्हतं सोडायचं, बाबा." मग काठी घेऊन जिना उतरल्या.

त्या परत आल्या नाहीत. शुभाच्या घरी काही वर्षं बऱ्या राहिल्या आणि तिथेच गेल्या.

तुम्ही लहान होतात तेव्हा फोनवर आजोबांना काही सांगताना मध्येच सोडून द्यायचात. का रडलास, का भांडलीस, विचारलं तर म्हणायचात, "आजोबा, तुम्हाला माहीतच आहे." तेव्हा ते काय म्हणायचे, आठवतं ना? तुम्हाला वाटायचं, आजोबा म्हातारे झाले, विसरायला लागले. फोनचे पैसे पडताहेत म्हणून मीही मागून खुणा करत असे. पण ते खुर्ची ओढून घ्यायचे, नीट बसायचे आणि म्हणायचे, "नाही रे राजा, मला काहीही माहीत नाही. तू पहिल्यापासून सांग."